उतरणीचा रविवार

म्हातारी पेरोन मेली, तीही नेमकी शनिवारी दुपारी. आणि रविवारी गाई डोंगरावरून गावात उतरायच्या होत्या.

“एक दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं?” तिचा मुलगा आंतेल्म खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला. त्याला रडू येत होतं, हे खरं. पण ते आईसाठी की गाईसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

शोझाल हे चौदा घरांचं गाव. घरं चौदा, चर्च एक, आणि ऐट मात्र पॅरिसला पुरून उरेल एवढी. उन्हाळाभर वरच्या कुरणात गाई शिंगाला शिंग भिडवत. जी सगळ्यांना मागे रेटेल ती राणी. उतरणीच्या दिवशी राणीच्या डोक्यावर देवदाराचा शेंडा बांधायचा, गळ्यात भोपळ्याएवढी घंटा अडकवायची आणि तिच्यामागून अख्ख्या गावानं चालायचं. गेली एकोणीस वर्षं राणी सरपंच आमेदेच्या गोठ्यातली असायची. या वर्षी आंतेल्मच्या मार्किझ गाईनं त्या राणीला पार ओढ्यापर्यंत रेटत नेलं होतं. मार्किझ आता तेरा वर्षांची झालेली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यात ती रग राहणार नव्हती. मान मिळायचा तो आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

आणि सुतकाच्या घराला मान नाही. ज्या घरात मयत झाली त्या घरच्या घंटांत गवत कोंबायचं, फुलं काढायची आणि सगळ्यांच्या मागून मुकाट चालायचं. शोझालमध्ये बायबलातल्या दहा आज्ञांपैकी आठ-नऊ मोडल्या तरी चालतं, हा नियम मोडलेला चालत नाही.

“आई परवा मरेल,” शेवटी आंतेल्म बायकोला म्हणाला.

“ती आत्ता मेलीय,” जोझेत म्हणाली.

“ते आपल्याला ठाऊक. गावाला कुठंय?”

“अहो, थोडी तरी लाज धरा! जन्मदात्री आहे तुमची.”

“लाजच धरलीय. एकोणीस वर्षं त्या आमेदेच्या गाईंचं शेण तुडवत मागून चालतोय, त्याची!”

रविवारी सकाळी पेरोन खिडकीतल्या खुर्चीत बसलेली होती. रोजची काळी शाल, हातात जपमाळ, टोपी जरा डोळ्यांवर ओढलेली. दरवर्षी ती याच खिडकीतून खालून जाणाऱ्या एकेका गाईला नावं ठेवायची आणि गाई संपल्या की मालकांना.

मार्किझ घंटा घणघणवत सगळ्यांच्या पुढे निघाली. शेजारी आंतेल्म, छाती काढून. लोक वर बघून हात हलवत होते.

“पेरोनकाकू हसल्या बघ माझ्याकडे बघून!” गिरणीवाल्याची बायको म्हणाली.

“मला तर म्हणाल्या, यंदा तुझ्या गाई चांगल्या भरल्यात,” तिची जाऊ म्हणाली.

पेरोननं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या गाईला बरं म्हटलं नव्हतं. पण स्वतःची स्तुती कानावर आली की ती खरी की खोटी, असल्या चौकशा करायची शोझालमध्ये पद्धत नाही.

दुसरा मान आमेदेचा. तो खिडकीखाली आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. वर बघता बघता त्याचे डोळे बारीक झाले. पुढे गेलेला आंतेल्म धावत मागे आला. बिंग फुटलं तर मार्किझच्या डोक्यावरचा शेंडा भर रस्त्यात उतरवून आमेदेच्या गाईला बांधतील, आणि पुढच्या तीन पिढ्या लोक आंतेल्मच्या घराकडे बोट दाखवून हसतील.

“तुझी आई आज गप्प आहे,” आमेदे म्हणाला.

“माझी गाय पुढे आहे ना. आता बोलायला काय उरलं?”

आमेदेनं टोपी काढली, परत घातली आणि गाई पुढे हाकलल्या.

दिवसभर लोकांनी आंतेल्मला वाईन पाजली. घरी येऊन तो खिडकीशी आईच्या पायाजवळ बसला. “पुढे होतो गं आपण,” म्हणाला, आणि या वेळी रडला तो तिच्यासाठीच.

सोमवारी उजाडताच तो सरपंचाच्या दारात हजर झाला. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद आमेदेच ठेवायचा, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. एवढ्या सकाळी तो काळा कोट चढवून, वही उघडून बसलेला होता.

“आई गेली,” आंतेल्म म्हणाला.

“कधी?”

“आज पहाटे. झोपेतच.”

“खुर्चीतल्या झोपेत?”

आंतेल्मनं मागचं दार लोटून घेतलं. “आमेदे, हे बघ, मी तुला सांगतो...”

“आपल्या गावाची हवाच चांगली,” आमेदे मान खाली घालून लिहीत राहिला. “उतरणीच्या आठवड्यात इथं कुणी म्हणता कुणी मरत नाही.”

लिहून झाल्यावर त्यानं वही फिरवून पुढे ढकलली आणि लेखणी आंतेल्मच्या हातात दिली.

“तुझ्या आईच्या नावापुढे साक्षीदार म्हणून मी सही केलीय. तू वरच्या ओळीवर कर.”

वरच्या ओळीत आमेदेच्या बापाचं नाव होतं. सोमवार, पहाटे, झोपेत.

“कर लवकर,” आमेदे म्हणाला. “म्हातारा गुरुवारपासून ताटकळलाय.”