तळाचं पाणी

“हँडल द्या, वहिनी,” म्हणत सुरेंद्रनं हात पुढे केला.

नागलक्ष्मीनं शटरचं लोखंडी हँडल छातीशी धरलं होतं. तीन दिवस कोसळणारा पाऊस सकाळी नऊला थांबला होता. पण कालव्यावरच्या पुलाच्या एका बाजूला सांबा भाताच्या लोंब्या बुडायला आल्या होत्या. दुसऱ्या बाजूला खाडी, तिवरांची झाडी आणि पलीकडे समुद्र. मधे पाणी अडवणारं हे शटर. ते उचललं की शेतातलं पाणी निघून जाणार. पुलावर पंचवीस-तीस शेतकरी जमले होते. सगळ्यांची नजर तिच्या हातांवर होती.

खाली, खाडीच्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात सेल्लम्मा उभी होती. पन्नाशीची कोळीण, साडी वर खोचलेली, डोळे मिटलेले.

“अजून नाही,” ती तमिळमध्ये ओरडली. “वरचं पाणी समुद्राकडे चाललंय, पण तळाचं अजून आत येतंय. खारं आहे ते. शटर तळातून उघडतं, अम्मा. आत्ता उचललंत तर मीठ शेतात शिरेल.”

पूर्वी ज्याच्या हाती हँडल लागेल तो शटर फिरवायचा. कधी शेतं खारावली, कधी अवेळी सोडलेल्या गोड्या पाण्यानं खाडीतली कोळंबीची पिल्लं मेली. डोकी फुटली. शेवटी पाच गावांच्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी एकत्र बसून समिती केली. हँडल शेतकऱ्याकडे, शब्द कोळ्यांचा. दोन्ही जुळलं तरच शटर हलवायचं. यंदा हँडल नागलक्ष्मीकडे होतं आणि पाणी बघायचं काम सेल्लम्माकडे. तंजावूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या नागलक्ष्मीला ही व्यवस्था कागदावर फार नेटकी वाटली होती.

सुरेंद्र तिचा धाकटा दीर. तो जवळ सरकला आणि बाकीच्या तमिळ शेतकऱ्यांना कळू नये म्हणून घरच्या मराठीत बोलला. “तिचे पिंजरे आहेत खाडीत. नंडूंचे. इथून पाणी सुटलं की सगळे वाहून जातील. वेळ काढतेय ती, दुसरं काही नाही.”

घरात कधी न शिजणाऱ्या खेकड्यांना त्यांच्या मराठीत शब्दच नव्हता. तमिळ शब्दावर भागवावं लागायचं. सेल्लम्मानं नेमका तोच ऐकला. डोळे उघडून तिनं दोघांकडे पाहिलं. मग ते पुन्हा मिटले.

नागलक्ष्मी चपला काढून खाली उतरली. साडी भिजवत सेल्लम्माशेजारी जाऊन उभी राहिली.

“घोट्यापाशी बघा,” सेल्लम्मा म्हणाली. “गार धार लागते ना? आतल्या बाजूला ढकलते.”

नागलक्ष्मीनं डोळे मिटले. पायाला चिखल लागला. गार तर सगळंच होतं. तिला काही म्हणता काही कळलं नाही.

ती वर आली. सगळे वाट बघत होते. तिनं हँडल कठड्यावर ठेवलं आणि त्याच्यावरच बसली.

“वहिनी, भात कुजेल! कोण भरून देणार?”

“सगळ्यांत खालचं शेत माझं आहे, सुरेंद्र. बुडेल ते आधी माझं बुडेल.”

तिथून कोणी हललं नाही. अर्धा तास गेला. एक तास गेला. मागून कोणीतरी सेल्लम्माला घाणेरडी शिवी दिली. चिखलाचं एक ढेकूळ तिच्या खांद्यावर येऊन फुटलं. तिनं ते पुसलं आणि तिथंच उभी राहिली. नागलक्ष्मी आपल्या शेताकडे बघत होती. बांधाजवळच्या लोंब्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. सुरेंद्रचं खरं असलं तर? आपल्याला ज्या पाण्यातलं काही कळत नाही, त्याच्यावर आपण सगळ्या गावाचं पीक लावून बसलोय. दोनदा ती उठायला गेली. दोनदा तशीच बसून राहिली.

अकरा वाजून गेले असतील. सेल्लम्मानं एकदम हात वर केला.

“आता! तळ सुटला. उचला!”

चौघांनी मिळून हँडल फिरवलं. शटर करकरलं, हाललं, आणि गढूळ पाणी त्याच्याखालून गर्जत खाडीत पडलं. सेल्लम्मा कशीबशी काठाला आली. अर्ध्या तासात लोंब्यांचे शेंडे परत दिसायला लागले.

तेवढ्यात सुरेंद्रचा फोन वाजला. शेजारच्या कालव्यावरून त्याच्या मेव्हण्याचा होता. तिथल्या लोकांनी कोणाला न विचारता नऊ वाजताच शटर उघडलं होतं. मेव्हणा रडत होता. खारं पाणी पार आतपर्यंत शिरून भातात उभं होतं.

सुरेंद्रनं फोन खिशात ठेवला. खाडीकडे पाहिलं. तिवरांच्या झाडीतून बांबूचे पिंजरे सुटून, उलटेपालटे होत समुद्राकडे चालले होते. एक, मग तीन, मग सगळेच. तो उतरून सेल्लम्मासमोर जाऊन उभा राहिला. त्याला वर बघवत नव्हतं.

“अक्का, दोन तास होते तुमच्या हातात. पिंजरे काढून आणायचे होते ना!”

सेल्लम्मानं साडीचा पदर पिळला.

“मी तिकडे गेले असते,” ती म्हणाली, “तर तुम्ही इकडे शटर उघडलं असतं.”