पोटातला ठिपका

"फरशीला हात लावशील तर बघ," अबू वजीह म्हणाला आणि आपल्या मसाल्याच्या दुकानातलं स्टूल आणून भिंतीतल्या त्या फरशीखाली ठाण मांडून बसला.

नुबारच्या हातातली छिन्नी हवेतच राहिली. त्यानं काकूकडे पाहिलं.

अरुस्याक शहात्तर वर्षांची आर्मेनियन बाई. जेरुसलेमच्या जुन्या शहरात गल्ल्यांच्या नावांच्या ज्या चिनीमातीच्या फरश्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी तिच्या हातच्या. पोटी मूल नाही, म्हणून भट्टीवर आता मदतीला हा पुतण्या नुबार. गोणपाटात गुंडाळलेली नवी फरशी छातीशी धरून ती पायऱ्या चढून आली होती. धाप अजून बसायची होती.

"ऊठ, अबू वजीह. नगरपालिकेच्या कचेरीची परवानगी आहे माझ्याकडे."

"परवानगी कचेरीची. भिंत माझी."

"आणि फरशी माझी. मी रंगवलीय."

"रंगवलीस ना? मग झालं तर. पन्नास वर्षांनी आज कुठून आठवण आली?"

आठवण यायला ती विसरली होती कधी? लग्न होऊन सासऱ्याच्या भट्टीवर बसायला लागली, तेव्हाची ही तिची पहिली फरशी. गल्लीचं नाव अल-जमल, उंटाची गल्ली. अरबीतल्या 'ज'च्या पोटात एक ठिपका द्यायचा असतो. तेवढा राहून गेला. ठिपका गेला की जमलचं होतं हमल, म्हणजे गरोदरपण. सासऱ्याच्या ध्यानात आलं तोवर फरशी भिंतीत बसली होती. म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसला. त्या दिवसापासून अरुस्याकनं ही गल्ली टाकली. बाजारात जायचं झालं तरी मठाच्या भिंतीकडून वळसा घालून जायची. यंदा दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला, तेव्हा तिनं ठरवलं, दिसतंय तोवर हे निस्तरायचं.

"लोक हसतात रे," ती म्हणाली. "आमच्या घराण्याची चार पिढ्यांची भट्टी, आणि भर रस्त्यात ही अशी चूक."

"कोण हसतं? खाला, तू कधी इथं क्षणभर तरी उभी राहिलीस का? ये अशी. जवळून बघ."

गल्लीच्या तोंडची कमान बुटकी, म्हणून फरशी माणसाच्या छातीइतक्याच उंचीवर बसवलेली. अरुस्याकनं नाक भिंतीला लागेल इतकं वाकून पाहिलं. कडेची निळी फुलं जशीच्या तशी होती. झिलई अजून चमकत होती. फक्त एका जागी, त्या एकाच अक्षराच्या पोटात, ती झिजून पार निस्तेज झाली होती.

"हे कशानं?"

"बोटांनी. बायका येतात ना. आमच्यातल्या, तुमच्यातल्या, कुठून कुठून. सगळ्यांत आधी आली आमची घरवाली, उम्म वजीह. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलेना. एकदा माझी आई काहीतरी टोचून बोलली, तशी ही तरातरा बाहेर आली आणि फरशीवर थाप मारून म्हणाली, 'नुसतं लिहून काय ठेवलंयस, दे की!' पुढच्या उन्हाळ्यात वजीह. मला अबू वजीह, वजीहचा बाप, काय उगाच म्हणतात?"

"ते माझं चुकलेलं अक्षर आहे. पीर नव्हे."

"नसू दे. पण तू दुरुस्त करून उंट दिलास, तर तो घेऊन आम्ही काय करू? या पायऱ्या गाढवसुद्धा चढत नाही."

नुबारला हसू फुटलं. काकूनं डोळे वटारले तसं त्यानं ते खोकल्यात दडवलं.

"चूक ती चूक," अरुस्याक म्हणाली. "नुबार, घाल छिन्नी."

पण नुबारची नजर तिच्या मागं गेली होती. खालच्या पायरीवर एक तरुण बाई उभी होती. हातात पुदिन्याची जुडी, डोक्यावरचा रुमाल घाईत बांधलेला. छिन्नी, हातोडा, गोणपाट, सगळ्यांवरून तिची नजर फिरली.

"काढताय का ती?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

अबू वजीह आपल्या चपलेकडे बघत राहिला.

अरुस्याकनं त्या बाईकडे पाहिलं. तिशीची असेल. पुदिन्याच्या देठांवर तिची बोटं इतकी आवळली होती की पानांनी मान टाकली होती.

"नाही गं," अरुस्याक म्हणाली. "पुसतोय. धूळ किती बसलीय बघ."

आणि तिनं खरोखरच गळ्यातला रुमाल सोडला, त्याचं टोक ओठांनी ओलं केलं आणि एकेक फूल पुसायला घेतलं. मग बाजूला सरकली. बाई वर आली. कुणाकडे न बघता तिनं एक बोट त्या अक्षराच्या पोटात टेकवलं, डोळे मिटले, आणि आली तशी भराभर निघून गेली.

नुबारनं छिन्नी पिशवीत टाकली. न विचारताच त्यानं गोणपाटातली नवी फरशी उचलली आणि पायऱ्या उतरू लागला.

अरुस्याक मात्र जागची हलली नाही. कडा पुसून झाल्या, फुलं झाली, हिब्रू, अरबी, इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांमधली नावं झाली. शेवटी रुमाल त्या झिजलेल्या जागी आला आणि थोडा वेळ तिथंच थांबला.

"जपून हं, खाला," अबू वजीह स्टुलावरून म्हणाला. "गुण येतो त्याला. या वयात कुठं निस्तरत बसशील?"

अरुस्याक हसली. रुमाल झटकून तिनं पुन्हा गळ्याला बांधला. गाठ मात्र दोनदा सुटली.

"मेल्या," ती म्हणाली, "पन्नास वर्षांपूर्वी बोलावायचं होतंस मला."