दहापैकी पाच

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका रग्बी लीग क्लबात हंगामाआधी डॉक्टरीणबाई प्रत्येक खेळाडूला दहा शब्द वाचून दाखवायच्या आणि थोड्या वेळानं परत विचारायच्या. पुढे सामन्यात कुणाचं डोकं आपटलं, की पुन्हा तीच परीक्षा. गुण आधीपेक्षा कमी पडले, की गडी मैदानाबाहेर. म्हणून जुनेजाणते पहिल्या परीक्षेतच मुद्दाम चुकायचे. केल्विन ओल्डरॉइड तर यात पक्का मुरलेला. चौदा वर्षं तो मोजून पाचच शब्द सांगत आला होता.

यंदा मात्र घरातून निघताना चहाचा थर्मास हातात देत त्याची बायको लॉर्ना म्हणाली, "या वेळी लबाडी नको हं. खरं काय ते मला कळू दे."

"काय म्हातारबा, आज किती विसरणार?" कपडे बदलायच्या खोलीत पोरांनी छेडलं.

"एकही नाही. बघाच तुम्ही!"

त्यानं जिवाचा कान करून दहाही शब्द ऐकले. वेळ झाल्यावर डोळे घट्ट मिटून आठवतील तसे एकेक सांगितले. मग बराच वेळ तो नुसताच कपाळ चोळत राहिला. शेवटी म्हणाला, "झालं."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडा लिहिला आणि हसून मान हलवली.



"पाच! केल्विन, याही वर्षी तेच नाटक का रे?"