आधी या दारात

शेषेराव सरपंच अंगणाबाहेरच उभे होते. केरबानं दवंडी द्यावी म्हणून ते काकुळतीला आले होते. ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी पिऊन शेजारच्या वाडीत पटकी पसरली होती आणि आपलं गावही त्याच झऱ्यावर जगत होतं. पावसानं यंदाही तोंड फिरवलेलं. लातूरचा नवा जिल्हा झाला, आता टँकर येणार, असं सगळे म्हणत होते. पण टँकरचा अजून पत्ता नव्हता.

केरबा मान खाली घालून बसला होता. पारूबाई नवऱ्याकडं बघत होती.

केरबा एके काळी गावचा कोतवाल. त्याचा आजा निजामाच्या अमलात हेच काम करायचा, तेव्हा दवंडीला मुनादी म्हणत. धर्माबादकडचे पाहुणे दंडोरा म्हणायचे. इथं दवंडी. नाव कोणतंही घ्या, बातमी सगळ्यांच्या कानावर घालायची, एवढाच त्याचा अर्थ. फक्त हे ‘सगळे’ वेशीपाशी संपायचे. वेशीबाहेरच्या बौद्धवाड्यात दवंडी कधी फिरलीच नाही. देणाराच तिथला, घरी गेल्यावर सांगेल की, असा गावाचा हिशेब.

बहात्तरच्या दुष्काळातही झऱ्याचं पाणी असंच बाधलं होतं. केरबानं गावभर हलगी बडवली आणि गावानं वेशीवरूनच त्याला पुढच्या वाडीला पिटाळलं. पारूबाई खडी फोडायला गेलेली. गावात कुणी दगावलं नाही. केरबा दिवेलागणीला घरी आला, तेव्हा त्यांची एकुलती एक लेक नागू ओकून ओकून कोपऱ्यात निपचित पडली होती. उजाडेपर्यंत ती गेली.

तेव्हापासून हलगी खुंटीला. धम्म घेतला म्हणून यांनी गावकीचं काम सोडलं, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. केरबानंही ते कधी खोडून काढलं नाही.

“लेकरं मरतील, केरबा,” सरपंच म्हणाले.

पारूबाई उठली. तिनं हलगी उतरवली, पदरानं पुसली आणि चुलीच्या जाळावर धरून कातडं शेकलं. ते चांगलं ताणल्यावर तिनं हलगी नवऱ्याच्या हातात दिली.

“जावा. पर आधी हितं द्या.”

सरपंच गोंधळले. वाड्यातली माणसं तर कामावर गेलीत, इथं ऐकायला आहे कोण, असं ते म्हणाले. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

केरबा अंगणात आला. वाड्याकडं पाठ करून आपल्याच उंबऱ्यासमोर उभा राहिला. हलगी कडाडली. इतक्या वर्षांत हा आवाज या दारात पहिल्यांदाच घुमत होता.

“ऐका हो ऐका!” केरबा ओरडला. मग त्याचा हात थांबला. घरातल्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत तो हळूच म्हणाला, “नागू, झऱ्याचं पाणी पिऊ नगं, माय.”