दर चौथा टाका

गोधडीवाल्या काकूंनी कालची गोधडी खिडकीत नेली आणि तिची किनार उजेडासमोर ताणून धरली. काल संध्याकाळी त्यांनी ही बाजू टीप मारून पुरी केली होती, मशीनवर कव्हर घातलं होतं आणि मगच त्या जेवायला गेल्या होत्या. आता अख्खी बाजू सुटी होती. दोऱ्याचा मागमूस नव्हता.

हे पहिल्यांदा झालं तेव्हा सून म्हणाली होती, की वय झालं की असं होतं, मनात शिवायचं असतं आणि वाटतं शिवलंच. काकूंनाही ते पटत आलं होतं. आज मात्र त्यांनी भिंग घेतलं. कपड्यात सुईची भोकं होती. एका रेषेत, सारख्या अंतरावर, वरच्या कपड्यातून अस्तरापर्यंत आरपार. मनात मारलेल्या टिपेची भोकं कपड्याला पडत नाहीत.

म्हणजे डोकं शाबूत होतं. त्यांना हायसं वाटलं, पण क्षणभरच. कुणीतरी उसवत होतं.

कपाटात त्यांच्या स्वतःच्या हौसेच्या, अर्धवट राहिलेल्या गोधड्या होत्या. एकीत कापूस भरायचा होता, एकीचे तुकडेच जोडायचे होते, बाकीच्या बहुतेकींची किनार राहिली होती. मशीनची सुई बोटातून आरपार गेली त्या दिवशी मुलाने ठरवून टाकलं होतं: नवीन काम घ्यायचं नाही, कपाटातलं तेवढं पुरं करायचं आणि मग दोन्ही मशीनं विकून टाकायची. बोटाला बँडेज असताना काकूंनी हो म्हटलं होतं. एकदा शब्द दिल्यावर तो फिरवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तेव्हापासून तो रोज विचारायचा, किती राहिल्या, आणि त्या खरं तेच सांगायच्या.

संशय सुनेवरच जात होता. तिने ही खोली मापून ठेवली होती, खिडकीपासून दारापर्यंत, तीही काकूंचाच टेप घेऊन. मशीनं गेली की इथे तिचे शिकवणीचे वर्ग भरणार होते. पण मग तिने उसवावं कशाला? तिला तर काम लवकर संपायला हवं. पायमशीनला तेल घालता घालता काकू यावर विचार करत राहिल्या. बाटली बाजूला ठेवेपर्यंत उत्तर सापडलं. पुरी न होणारी किनार हा पुरावा होता. सून नवऱ्याला म्हणणार, आईंना दिसत नाही, हात चालत नाही, संपायची वाट कशाला बघायची, उद्याच विका. आणि तोंडावर मात्र, बसा आई, चहा आणते.

चहा खरंच आला. काकूंना तो आज जास्तच गोड लागला.

दुपारी त्यांनी दोन चिंध्या जोडून एक टीप मारली आणि सुनेला हाक मारली. टीप चुकली, टाका दिसत नाही, एवढी उसवून दे म्हणाल्या. सुनेने ब्लेड मागितलं, चिंध्या दोन्हीकडून ओढून धरायला लावल्या आणि मधोमध ब्लेड फिरवलं. कपडा टरकन फाटला. उरलेल्या भागाला दोऱ्यांच्या मिशा फुटल्या.

"मला जमत नाही, आधीच सांगत होते," ती हसत म्हणाली. "आता जेवताना माझ्या नावाने सुरू होऊ नका."

ती गेल्यावर काकूंनी सकाळची किनार परत पाहिली. एकही मिशी नव्हती. मग त्या खाली वाकल्या. पायपट्टीच्या मागे, जिथे केरसुणी पोचत नाही, तिथे दोऱ्याचे बारीक तुकडे पडले होते, सगळे एका मापाचे. उलट्या बाजूने दर चौथा टाका कापायचा, मग वरचा दोरा ओढला की अखंड हातात येतो आणि कपड्याला जरासुद्धा इजा होत नाही. ही काकूंची रीत होती. त्यांनी ती एकालाच शिकवली होती, तेव्हा त्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते.

त्यांनी किनार पुन्हा शिवून टाकली.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला, बूट काढले, खुर्चीत बसला.

"किती राहिल्या?"

काकूंनी ती गोधडी त्याच्या मांडीवर ठेवली आणि वर कात्री दिली. टीप वाकडी गेलीय, उसवून दे म्हणाल्या.

त्याने टिपेकडे पाहिलं, मग आईकडे. टीप सरळ होती. गोधडी उलटी करून त्याने कात्रीचं टोक अस्तरावर टेकवलं. एक टाका कापला, तीन सोडले, एक कापला.

"तुला हे कुठून येतं?" सून दारात थबकली. "शर्टाचं बटण तुटलं तर पिन लावून ऑफिसला जातोस."

त्याचा हात थांबला. मान वर झाली नाही. काकू त्याच्या हाताकडे बघत उभ्या होत्या.

"मशीनं घेणाऱ्याचा परत फोन आला होता," तो गोधडीकडे बघतच म्हणाला. "त्याला सांगितलं, आईचं काम अजून संपलेलं नाही."

सून एकदा नवऱ्याकडे आणि एकदा सासूकडे बघत राहिली. काकूंनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातून गेल्या आठवड्यात पुरी झालेली गोधडी काढली, घडी मोडली आणि त्याच्या खुर्चीच्या हातावर टाकली.

"हिचीपण किनार मला जरा वाकडी वाटते," त्या म्हणाल्या.