मशीनखाली हात

भटूच्या मनगटावर काहीतरी गार येऊन पडलं.

दुरुस्तीला आलेला तो गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात फरशीवर कुशीवर आडवा होता. भांडी घासायच्या मशीनची खालची पट्टी काढून त्याने उजवा हात कोपरापर्यंत आत घातला होता. मशीन पाणी बाहेर टाकत नव्हतं. जाळी साफ होती, पाइप मोकळा होता. म्हणजे अडकलं असेल ते पंपात, आणि पंप पार मागे. आधी त्याला वाटलं, पाइपच सुटून हातावर आला. मग तो पाइप हलला.

त्याने डाव्या हाताने जमिनीवरचा मोबाइल थोडा फिरवला. टॉर्चच्या उजेडात काळं, तुकतुकीत अंग दिसलं, त्यावर पांढरे पट्टे. मण्यार. मनगटावर वळसा टाकून, उरलेलं अंग पंपाशी गोळा करून तो बसला होता. डोकं कुठे आहे, ते दिसत नव्हतं.

घरात जतनबाईंशिवाय कोणी नव्हतं. त्यांची सून चेलना मुलीला शाळेतून आणायला गेली होती. जाताना ती भटूला सांगून गेली होती, "आई सामायिकला बसल्यात, आमचं जैनांचं ध्यान असतं. अठ्ठेचाळीस मिनिटं आसनावरून उठत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. काही लागलं तर मी येईपर्यंत थांबा."

दारातून त्या त्याला दिसत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पांढऱ्या आसनावर बसलेल्या, तोंडाला मुहपत्ती बांधलेली, हातात माळ, डोळे मिटलेले. समोर वाळूचं घड्याळ. वरच्या भागात अजून बरीच वाळू होती.

ओरडावं, तर हात हलेल. सोनगीरला भटूच्या गल्लीतली एक बाई मण्यार चावून झोपेतच गेली होती. चावल्याचं तिला कळलंसुद्धा नव्हतं. मग आपल्याला तरी कुठे कळणार आहे? कदाचित चावूनही झालं असेल.

"अक्का," तो म्हणाला.

माळ फिरतच राहिली. गिऱ्हाइकांशी बोलायची मराठी त्याच्या तोंडून कुठल्या कुठे गेली. "अक्का, साप शे. मन्हा हातवर साप शे."

जतनबाईंनी डोळे उघडले. क्षणभर वाळूकडे पाहिलं. मग मुहपत्ती सोडली, भिंतीला धरून उठल्या आणि येऊन त्याच्या पायाशी बसल्या. वाकून त्यांनी मशीनखाली पाहिलं.

"काठी," भटू पुटपुटला.

"काठी नको. काठी लागली की तो आधी तुलाच चावेल." त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "लाइट बंद कर."

"काय?"

"मोबाइलचा. उजेडात हा असाच गोळा होऊन बसतो. दोंडाईचाला आमच्या वडिलांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये खूप निघायचे. अंधार केला की आपला आपण जातो."

दिसत होता तोवर निदान तो कुठे आहे हे तरी कळत होतं. भटूचा अंगठा मोबाइलवर गेला आणि तिथेच राहिला.

"अक्का, मला नाही जमणार."

जतनबाईंनी हात लांबवून मोबाइल उचलला आणि टॉर्चसकट पदरात गुंडाळला. मशीनखाली काळोख झाला. भटूच्या घोट्यावर एक हात येऊन बसला, घट्ट.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. फ्रिज सुरू झाला, बंद झाला. रस्त्यावरून केळीवाला ओरडत गेला. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तो पुसता येईना. बोटांना मुंग्या आल्या आणि त्याला वाटलं, हे विषच चढतंय. पाय थरथरायला लागले, तशी घोट्यावरची पकड आणखी आवळली. हाताचा विचार सोडून तो त्या पकडीवरच मन लावून पडून राहिला.

मग मनगटावरचं वजन हललं. सरकायला लागलं आणि सरकतच राहिलं, संपेचना. शेवटी एक बारीक टोक तळहातावरून गेलं आणि हात मोकळा झाला.

भटूने हात ओढला आणि तो बसल्या बसल्याच मागे सरकत भिंतीला जाऊन टेकला. ट्यूबखाली हात उलटासुलटा करून पाहिला. साबणाने धुऊन पुन्हा पाहिला. टोचल्याची खूण कुठेच नव्हती.

"गेला बघ," खिडकीतून जतनबाई म्हणाल्या. "भिंतीतल्या पाइपाच्या भोकातून बाहेर पडला. गटाराकडे चाललाय. तू आधी दवाखान्यात जाऊन हात दाखव."

"जातो. हे एवढं करून जातो."

त्याने भोकात चिंध्या कोंबल्या. मग अख्खं मशीन ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध आणलं, आतलं तुंबलेलं पाणी उपसलं, ते आडवं केलं आणि खालून पंप उघडला. पंपाच्या पंख्यात खारकेची बी अडकली होती. ती पक्कडीने काढली. परत बसवताना एकच स्क्रू त्याच्या हातून तीनदा पडला. मशीन उभं करून आत तांब्याभर पाणी ओतलं आणि प्लग लावला, तसं ते खळखळत निघून गेलं.

जतनबाईंनी त्याला पाण्याचा ग्लास दिला. तो त्याने दोन्ही हातांनी धरला.

"अक्का, माझ्यापायी तुमचा नेम मोडला," तो म्हणाला. "पण तुम्ही पाय धरला नसता ना, तर मी हात ओढलाच असता. तुमच्यामुळे धीर आला."

"धीर?" जतनबाई म्हणाल्या. "अरे बेटा, तुझा पाय धरला नसता, तर मी पळून गेले असते."