जेवढं खोल, तेवढं जुनं

"समाधीला फावडं लागलं तर फावड्यासकट गाडीन," मालोजी म्हणाला.

प्रोफेसर केळसकरांनी खालापूरच्या मामलेदारांचा परवाना पुढे धरला. शिपायानं काठी आपटली. लोधिवलीची माणसं दोन पावलं मागे सरली, शिव्या मात्र थांबल्या नाहीत.

आदिमानवाच्या हाडांपायी प्रोफेसर सगळा उन्हाळा पाताळगंगेचा काठ उकरत होते. हाती लागले होते फक्त दगड. अखेर मालोजीच्या धाकट्या भावजयीनं, सुंदरानं, त्यांना ही जागा दाखवली. इथं हाडं नक्की मिळतील, असं तिनं छातीठोक सांगितलं होतं.

तेव्हापासून गावात ती घरभेदी ठरली. विहिरीवर बायका तिच्याशेजारी घागर टेकवत नव्हत्या. नवरा वाल्मिक लेकीचं, मैनाचं, बारसंही न बघता मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडचाच झाला. जमीन दिराकडे राहिली. त्याचा सूड ही देवावर काढतेय, असं गाव म्हणे. खड्ड्यात काही मिळालं नाही तर पोरीसकट वेशीबाहेर काढीन, असं मालोजीनं सर्वांसमक्ष बजावलं होतं.

गावाचा रागही खोटा नव्हता. मैना जन्मली त्या साली खोपोलीच्या विजेच्या तारेवर एक वानर मेलं. मारुतीरायाच तो. मालोजीनं रातोरात एकट्यानं खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्या भक्तीचं कौतुक अजून होत होतं.

त्या समाधीचा चौथरा फुटला. कमरेएवढ्या खोलीवर वानराचा सांगाडा निघाला, शेंदूर लागलेला. बायकांनी हात जोडले. प्रोफेसरांचं तोंड उतरलं.

"झालं समाधान?" मालोजी म्हणाला. "माती लोटा आता."

प्रोफेसरांनी होकारार्थी मान डोलावली. सुंदरा पुढे झाली. तिच्या पदराला धरून मैना उभी होती. पोरीचा एक सुळा शेजारच्या दातावर चढलेला. बापावर गेलीय, असं सगळे म्हणत.

"सायेब, जेवढं खोल तेवढं जुनं, तुमीच बोल्ला व्हता. आनखी खाली खना."

मालोजी तिच्या अंगावर धावला. शिपायानं त्याला अडवलं.

हातभर खाली माणसाची कवटी लागली. प्रोफेसर गुडघ्यांवर बसले. बोटांनी माती झटकली. वानराच्या खाली माणूस, म्हणजे किती जुना! त्यांनी कवटी उन्हात धरली.

"हा सुळा पाहा, दातावर दात चढलाय. रानटी जबडा. लाख वर्षांचा तरी असेल."

मालोजीचा अडकलेला श्वास सुटला. चेहऱ्यावर रंग आला. पहिल्यांदाच तो नरमाईनं बोलला.

"असंल, सायेब. लई जुना दिसतोय. घेऊन जावा मुंबईला. गाडी मी जुंपून देतो."

सुंदरानं कवटी नीट पाहिली. मैनाला मागे सारलं. मग चौथऱ्याच्या दगडावर दोन्ही मनगटं आपटून तिनं हातातल्या बांगड्या फोडल्या.